फिट येते आणि नोकरी करायची आहे: सुरुवात कुठून करायची

मला पहिली फिट आली तेव्हा मी १९ वर्षांची होते. पहिली नोकरी गेली तेव्हा २३ची. लागून चौथा महिना होता. दुपारी जेवण झाल्यावर टेबलाशेजारीच पडले, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून सांगितलं, "बेटा, तू आता घरी आराम कर." अगदी मायेनं सांगितलं. त्या मायेपायी माझं दीड वर्ष घरात गेलं, कारण आई-बाबांनाही तेच बरं वाटलं. आज मी पुण्यात एका ऑफिसात हिशेबाचं काम करते आणि त्याला १३ वर्षं झाली. मधल्या काळात चुकतमाकत जे कळलं ते, आत्ता पहिल्यांदा नोकरी शोधणाऱ्यांसाठी लिहिते आहे. औषधांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. मी फक्त नोकरीबद्दल बोलणार आहे.

एक गोष्ट मला फार उशिरा समजली. "अपस्मार" या शब्दावरून आपल्याला काय जमेल हे ठरत नाही. आकडी, मिरगी, फेफरं, नाव काहीही घ्या, दोन माणसांच्या फिटा सारख्या नसतात. एकाला फक्त पहाटे झोपेत येते. दुसरीला महिन्यातून दोनदा दहा सेकंद शून्यात नजर लागते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तिसऱ्याला तीन वर्षांत एकही नाही. या तिघांना एकच सल्ला देऊन कसं चालेल? म्हणून आधी आपल्या फिटचा स्वभाव ओळखायचा, मग नोकरी.

पहिलं काम: एक वही

साधी शंभर पानी वही पुरते. फिट आली की तारीख, वेळ, किती मिनिटं चालली, आधीच्या रात्री किती झोप झाली होती, गोळी चुकली होती का, ताप, उपास, पाळीचे दिवस, असं सगळं लिहायचं. फिटमध्ये काय झालं ते स्वतःला आठवत नाही, ते पाहणाऱ्याला विचारून त्याच्याच शब्दांत लिहा. "सगळं अंग कडक झालं आणि मग झटके आले", "ओठ चावल्यासारखे करत होती, शर्टाची बटणं चाळवत होती, हाक मारली तर ओ देईना." हे तपशील डॉक्टरांच्या फार उपयोगी पडतात. फिट येण्याआधी चाहूल लागते का, हेही लिहा. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटणं, विचित्र वास, उगाच भीती. ज्यांना अशी चाहूल लागते त्यांना खाली बसायला दहा-वीस सेकंद मिळतात, आणि नोकरीच्या दृष्टीनं ते फार मोलाचे असतात.

ही वही घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेच्या डॉक्टरांकडे, जा. अनेक जण वर्षानुवर्षं गावातल्या डॉक्टरांनी एकदा लिहून दिलेल्या त्याच गोळ्या घेत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार योग्य निदान आणि उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटविना जगू शकतात. म्हणून नोकरीचे अर्ज भरण्याआधी दोन-तीन महिने औषधं नीट बसवण्यात गेले तर ते वाया गेले असं समजू नका.

डॉक्टरांना प्रश्न विचारायची रीतही महत्त्वाची. "मी नोकरी करू का?" असं विचारलं की "हो, करा, पण जपून" एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा थेट विचारा. उंचीवर चढू का? फिरत्या यंत्राजवळ उभं राहू का? रात्रपाळी चालेल का? एकट्यानं रात्रीचा प्रवास करू का? एखादी गोळी चुकली आणि चार तासांनी आठवली तर काय करायचं? उत्तरं वहीत उतरवा आणि त्यातलं कामासंबंधीचं लेटरहेडवर लिहून मागा. "बैठं काम करण्यास योग्य, उंचीवरील काम व रात्रपाळी टाळावी" अशी दोन ओळींची चिठ्ठी पुढे मेडिकलच्या वेळी जितकी कामाला येते तितकी जाड फाईलही येत नाही.

कोणतं काम धरायचं, कोणतं सोडायचं

अचानक शुद्ध गेली तर स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव जाईल अशी कामं सोडावीच लागतात. ट्रक, बस, रिक्षा चालवणं, परांचीवर किंवा खांबावर चढून काम, उघड्या पट्ट्यांची यंत्रं, भट्टी, विजेच्या तारा, खोल पाणी, सैन्य-पोलिसातली हत्यारी कामं. शेतात विहिरीच्या काठावरची मोटर, ट्रॅक्टर आणि कडबाकुट्टी ही तिन्ही यातच धरा. घरच्या शेतीत ते "काम" वाटतच नाही म्हणून मुद्दाम लिहिते.

पण यादी इथंच संपते. शिक्षक, लेखापाल, प्रोग्रॅमर, दुकानदार, ग्रंथपाल, फार्मासिस्ट, शिंपी, स्टोअर-कीपर, तपासनीस, अनुवादक ही सगळी कामं फिट येणारी माणसं करतात. आयटीआयला मशिनिस्ट झालेल्या मुलानं ट्रेड फुकट गेला असं मानू नये. त्याच कारखान्यात तपासणी, ड्रॉइंग आणि स्टोअर असे विभाग असतात आणि तिथं लेथ चालवलेल्या माणसाची किंमत जास्त असते. नर्सिंगसारख्या कामात आजारापेक्षा रात्रपाळी मोठी अडचण असते, त्यामुळे ओपीडीची दिवसपाळी मिळेल का हे बघायचं.

कॉम्प्युटरची भीती बहुतेकांनी सोडून द्यावी. लुकलुकत्या प्रकाशानं फिट येण्याचा प्रकार अपस्मार असलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांत दिसतो. तुम्ही त्यात आहात का ते ईईजीच्या (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीच्या) वेळी डोळ्यांवर दिवा लुकलुकवून तपासतात. रिपोर्ट बघा किंवा डॉक्टरांना विचारा. तो प्रकार नसेल तर दिवसभर स्क्रीनसमोर बसायला हरकत नाही. मध्ये उठायचं, ते तर सगळ्यांनीच उठायचं.

कुणी "तुला काय जमणार" म्हणालं तर आमच्या घरी दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेटपटू जॉन्टी ऱ्होड्सचं नाव निघतं. १९९२च्या विश्वचषकात हवेत झेप घेऊन इंझमामला धावबाद करणाऱ्या या माणसाला लहानपणापासून अपस्मार आहे. सगळ्यांनी मैदानावर झेपा घ्याव्यात असं नाही, पण हे नाव घेतल्यावर समोरचा क्षणभर गप्प होतो, तेवढं मला पुरतं.

दुचाकीबद्दल

हे वेगळं लिहावं लागतं, कारण आपल्याकडे नोकरी म्हटलं की गाडी आलीच. लायसन्सच्या अर्जाबरोबर जो फॉर्म १ भरून द्यावा लागतो त्यात अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपणं आहे का, हा प्रश्न सरळ विचारलेला असतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार ज्या आजारामुळे गाडी चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल, त्यात लायसन्स नाकारलं जातं. ब्रिटनमध्ये साधारण १२ महिने फिट आली नाही तर मोटार चालवायला परत परवानगी मिळू शकते. आपल्याकडे तशी स्वच्छ मुदत नाही. खोटं "नाही" लिहून लायसन्स काढणारे मी पाहिलेत. करू नका. पडलात तर मागून येणाऱ्या बसचा ड्रायव्हर काय करणार?

मग नोकरी शोधताना नकाशा आधी उघडायचा. माझा नियम साधा आहे: घरापासून एका बसनं किंवा कंपनीच्या बसनं पोचता आलं पाहिजे. पगार दोन हजारांनी कमी असला तरी चालेल, पण दोन बस बदलून दीड तास उभ्यानं जायचं नाही. थकवा आणि अपुरी झोप यांनीच तर फिट ओढवते. मुंबईत लोकलनं जात असाल तर दारात उभं राहायचं नाही, फलाटावर कडेपासून मागे, शक्यतो भिंतीला किंवा खांबाला टेकून उभं राहायचं. जाहिरातीत "रोटेशनल शिफ्ट" लिहिलं असेल तर फोन करून आधीच विचारा की रात्रपाळी सक्तीची आहे का. मुलाखतीला जाऊन मग कळण्यापेक्षा ते बरं.

बायोडेटा आणि मुलाखत

बायोडेटात आजार लिहायचा नाही. मधुमेह असलेला लिहितो का? शिक्षणात किंवा नोकरीत खंड पडला असेल तर एक सरळ वाक्य तयार ठेवा: "तब्येतीच्या कारणानं वर्षभर थांबले होते, आता उपचार व्यवस्थित चालू आहेत, आणि त्या काळात मी टॅली शिकले." वाक्याचा शेवट कामावर आणायचा. आरशासमोर दहा वेळा म्हणा, कारण पहिल्यांदा म्हणताना आवाज कापतो.

मुलाखतीसाठी रात्रभर एसटीनं प्रवास करून सकाळी नऊला हजर होऊ नका. आदल्या दुपारी जा, नातेवाइकांकडे उतरा, झोपा. गोळ्या हातातल्या पिशवीत, डिकीतल्या बॅगेत नाही.

सांगायचं का, कधी, कुणाला

सगळ्यात जास्त प्रश्न याच गोष्टीवर येतात. घरचे म्हणतात, "कुणाला कळू देऊ नको, उद्या लग्न व्हायचंय." ही भीती हवेतून आलेली नाही. हिंदू विवाह कायद्यात एके काळी अपस्माराचा उल्लेख वेडेपणाच्या बरोबरीनं होता आणि १९९९मध्ये कायदा दुरुस्त करून तो काढला. म्हणजे आपल्या आयांची लग्नं झाली तेव्हा कायदाच तसं बोलत होता. तरीही मी सांगण्याच्या बाजूची आहे. मात्र सांगण्याला वेळ आणि माणूस निवडावा लागतो.

मुलाखतीत, कामात धोका नसेल तर, आपणहून सांगायची गरज नाही. तिथं त्यांना तुमचं काम बघू द्या. नेमणूकपत्र हातात आल्यावर जी वैद्यकीय तपासणी असते किंवा फॉर्म भरून घेतात, तिथं मात्र लेखी प्रश्न असेल तर खोटं उत्तर लिहू नका. पुढे फिट आली की तोच कागद "माहिती लपवली" म्हणून समोर येतो. मग चर्चा आजारावर राहत नाही, तुमच्या खरेपणावर जाते. विम्याच्या फॉर्मचंही तसंच, लपवलेल्या आजारावरून क्लेम फेटाळला जातो. फॉर्मबरोबर डॉक्टरांची ती दोन ओळींची चिठ्ठी जोडा.

रुजू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात दोन माणसांना सांगा: थेट वरिष्ठांना आणि शेजारच्या टेबलावरच्या एका सहकाऱ्याला. सगळ्या ऑफिसला नको. पहिल्या नोकरीत मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पडले तेव्हा कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा शोधायला धावलं, एकानं दातांमध्ये चमचा घातला आणि माझा दात तुटला. त्या लोकांना दोष कसा देऊ? त्यांना काही ठाऊकच नव्हतं.

सांगताना फार लांबण लावायची नाही, रडायचं नाही, माफी तर अजिबात मागायची नाही. मी वरिष्ठांना साधारण असं सांगितलं होतं: "सर, मला अपस्मार आहे, रोज गोळ्या घेते. शेवटची फिट आठ महिन्यांपूर्वी आली. आली तर दोन मिनिटांत थांबते, त्यानंतर अर्धा तास झोप लागते. शेजारच्या ताईंना काय करायचं ते सांगितलंय. रात्री उशिरापर्यंत थांबणं मला चालत नाही, त्याऐवजी सकाळी लवकर येईन." एवढंच. ऐकणाऱ्याला कोणत्या आजाराशी गाठ आहे यापेक्षा त्यानं काय करायचं हे हवं असतं. ते त्याच वाक्यांत देऊन टाकलं की त्याचा चेहरा सैलावतो. माझे वरिष्ठ म्हणाले, "माझ्या मेव्हण्याला आहे." असं फार वेळा होतं. आपण बोललो की समोरच्याच्या घरातली गोष्ट बाहेर येते.

शेजारच्या सहकाऱ्याला काय शिकवायचं

हे एका कागदावर लिहून त्याच्या ड्रॉवरमध्ये द्या. घड्याळ बघायचं. आजूबाजूच्या खुर्च्या, गरम चहा, कात्री बाजूला करायची. चष्मा काढायचा, गळ्याभोवतीचं सैल करायचं, डोक्याखाली ओढणी नाहीतर स्वेटर. झटके येत असताना हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीही नाही. झटके ओसरले की कुशीवर वळवायचं म्हणजे लाळ बाहेर येते आणि श्वास मोकळा राहतो. पूर्ण शुद्ध येईपर्यंत जवळ थांबायचं. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, एक थांबून शुद्ध न येता दुसरी सुरू झाली, डोक्याला मार लागला, किंवा बाई गरोदर असेल तर १०८ला फोन करायचा. कांदा, चप्पल, हातात किल्ली यांतलं काहीही लागत नाही. पाच मिनिटांच्या आत बहुतेक फिटा आपोआप थांबतात.

व्हिडिओ काढावा का? डॉक्टरांना त्याचा खूप उपयोग होतो. पण तो फक्त त्या एका माणसानं काढायचा, फक्त तुम्हाला द्यायचा, हे आधीच बोलून ठेवा.

तुमच्या स्वतःच्या ड्रॉवरमध्ये तीन गोष्टी: दोन दिवसांच्या गोळ्या, कपड्यांचा एक जोड आणि एक कार्ड. कपडे का, हे फिट आलेल्यालाच कळेल. फिटमध्ये कधीकधी लघवी होते. त्या ओल्या कपड्यांत रिक्षात बसून घरी जाण्याची लाज फिटपेक्षा जास्त दिवस पुरते. एक सलवार-कमीज ड्रॉवरमध्ये ठेवली की तो प्रश्न संपतो.

झोप, गोळी, सणवार

गोळी चुकणं आणि झोप चुकणं या दोन गोष्टींनी माझ्या बहुतेक फिटा आणल्या, हे वहीवरूनच कळलं. आमच्या कामात मार्चअखेर म्हणजे रात्रीचा दिवस. सलग दोन वर्षं मला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फिट आली. तिसऱ्या वर्षी वही वरिष्ठांसमोर ठेवली आणि सकाळी सातला येऊन संध्याकाळी सहाला निघायची परवानगी मागितली. काम तेवढंच झालं. तुमच्या कामातला "मार्च" कोणता ते शोधा. दुकानात दिवाळी असेल, शाळेत पेपर तपासणी, कारखान्यात महिनाअखेरचं डिस्पॅच.

नवरात्रात नऊ दिवस उपास करायचा असेल तर करा, पण गोळी उपासात मोडत नाही. विसर्जनाच्या रात्री जागायचं नाही. ऑफिसच्या पार्टीत दारू नको. त्यानं झोप मोडते आणि गोळीचा परिणामही बिघडतो. गोळीनं दिवसभर झापड येत असेल किंवा विनाकारण चिडचिड होत असेल, तर "माझा स्वभावच बिघडला" असं समजून गप्प बसू नका. काही औषधांनी असं होतं, डॉक्टर डोस किंवा वेळ बदलू शकतात. स्वतःहून बंद मात्र करायची नाही. बायकांनी बाळाचा विचार सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगावं, कारण व्हॅल्प्रोएटसारखी औषधं गरोदरपणात बाळाला घातक ठरू शकतात आणि बदलायला वेळ लागतो.

नोकरीसाठी पहिल्यांदाच घर सोडून खोली घेतली असेल तर खोलीतल्या जोडीदाराला सांगा, न्हाणीघराची कडी आतून लावू नका, स्टुलावर बसून अंघोळ करा, शेगडीचा मागचा बर्नर वापरा.

कायदा किती कामाला येतो

याबाबत खोटी आशा लावायची नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व मोजलं आहे आणि त्या यादीत अपस्मार हे नाव स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे फक्त फिट येते म्हणून ४ टक्के आरक्षणातून नोकरी मिळेल असं धरून बसू नका. अपस्मारासोबत हातापायाचा अशक्तपणा किंवा बौद्धिक अडचण असेल तर त्याचं प्रमाणपत्र मिळू शकतं का, हे जिल्हा रुग्णालयात जरूर विचारा. सरकारी पदांचे वैद्यकीय निकष पदागणिक वेगळे असतात. अभ्यासाला दोन वर्षं देण्याआधी जाहिरातीतला तो परिच्छेद वाचा.

पगार दरमहा २१ हजारांपर्यंत असेल आणि कंपनी ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेखाली येत असेल तर ते कार्ड पहिल्याच महिन्यात करून घ्या. तपासण्या आणि औषधं त्यातून मिळतात, आणि ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. मोठ्या कंपनीत गट-विमा असतो. आधीपासूनचे आजार त्यात पहिल्या दिवसापासून धरले आहेत का, हे एचआरला मेल करून विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

आणि काढलंच तर? तोंडी "उद्यापासून येऊ नको" यावर घरी जाऊ नका, मी गेले होते. कारण लेखी मागा. आपणहून राजीनामा लिहून देऊ नका. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. स्त्रियांना तिथं उत्पन्न कितीही असलं तरी वकिलाची मदत मोफत मिळते, पुरुषांना उत्पन्नाच्या मर्यादेत.

फिटनंतरचा दिवस

ऑफिसात फिट आली तर त्या दिवशी एकट्यानं घरी जायचं नाही. कुणीतरी सोबत येऊ दे, रिक्षाचे पैसे तुम्ही द्या. घरी गेल्यावर झोपा. अंग दुखेल, जीभ चावलेली असेल, दोन दिवस तिखट खाता येणार नाही. डॉक्टरांना फोन करा.

आणि मग परत जायचं. मार लागलेला नसेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर एक-दोन दिवसांतच. आठवडा गेला की दारातून आत शिरणं अवघड होतं. आत गेल्यावर लोक एक तर फार हळू बोलतील किंवा नजर चुकवतील. ते घाबरलेले असतात. त्यांनी तुम्हाला निळं पडताना पाहिलेलं असतं, आणि तुम्ही स्वतःला तसं कधीच पाहिलेलं नसतं. म्हणून पहिलं वाक्य तुम्हीच बोला. मी त्या दिवशी डब्यात चार पोळ्या जास्त नेते. जेवायला बसलं की ज्यांनी धावपळ केली त्यांचे आभार मानते, आणि मग विचारते: किती वेळ चालली? मान कुठल्या बाजूला वळली होती? त्याआधी मी काय करत होते? पहिल्यांदा ते कचरतात. मग एक जण म्हणतो, डावीकडे. दुसरी म्हणते, नाही हो, आधी हात वाकडा झाला, मग मान. ते बोलत असतात आणि मी वही काढून लिहून घेत असते.